हृदय बंद पडून परत आलेले मामा यमदरबार पाहिल्याचं सांगतात. हे खरं मानावं का?

प्रश्न इंदूरहून आला आहे, थोडक्यात असा. रामबागेत राहणारे मामा, वय 61. हृदयविकाराचा झटका आला, अँजिओप्लास्टीसाठी नेताना हृदय बंद पडलं. छाती दाबून आणि शॉक देऊन ते पुन्हा सुरू झालं, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी) बसला, तीन दिवस व्हेंटिलेटरवर काढून मामा घरी आले. आता ते सांगतात की दोन काळे दूत त्यांना घेऊन गेले, उंच आसनावरच्या एकाने वही उघडून पाहिली, ‘हा तो नव्हे, त्याच नावाचा दुसरा’ असं म्हणून 12 वर्षं लिहून दिली आणि परत धाडलं. गुरुवारी आरतीनंतर लोक ऐकायला येतात, मावसभाऊ व्हिडिओ काढतो, आणि मामा म्हणतात, 12 वर्षं मिळाली आहेत तर या गोळ्या कशाला? भाचीने विचारलंय, यावर विश्वास ठेवायचा का, आणि तपासायचं झालं तर घरातल्यांच्या श्रद्धेला धक्का न लावता कसं तपासायचं?

बाकी सगळं थांबू शकतं, गोळ्या थांबू शकत नाहीत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर स्टेंट बसवला की रक्त गोठू न देणाऱ्या दोन गोळ्या, म्हणजे अ‍ॅस्पिरिन आणि तिच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलोर, साधारण 12 महिने चालतात. पुढे सहसा एक कायम राहते. पहिल्या काही आठवड्यांत त्या बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि ती बहुतेकदा मोठ्या झटक्याच्या रूपानेच कळते. मामांशी यमदूतांवर वाद घालू नका. एवढंच विचारा: वर्षं लिहून मिळाली असतील, पण ती औषधांशिवाय काढायची असं त्या वहीवाल्याने सांगितलं का? मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही कथनात असा हुकूम कुणाला मिळालेला नाही. तेवढ्याने भागलं नाही तर ज्या डॉक्टरांनी स्टेंट घातला त्यांच्याकडे याच आठवड्यात घेऊन जा, आणि गोळ्या किती दिवसांपासून चुकल्या आहेत ते खरं सांगा.

आता मूळ प्रश्न. यात दोन गोष्टी गुंतल्या आहेत आणि बहुतेक घरांतली भांडणं त्या वेगळ्या न केल्यामुळे होतात. मामांना अनुभव आला का, ही एक गोष्ट. तो अनुभव जे सांगतो ते जग खरोखर आहे का, ही दुसरी. पहिलीबद्दल शंका घेण्याचं काही कारण नाही. मृत्यूच्या दाराशी जाऊन आलेल्यांना असे अनुभव येतात हे नीट नोंदलं गेलेलं आहे. नेदरलँड्समधल्या 10 रुग्णालयांत हृदय बंद पडून वाचलेल्या 344 रुग्णांना पिम व्हॅन लोमेल या हृदयरोगतज्ज्ञांच्या गटाने विचारलं. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 62 जणांनी, म्हणजे 18 टक्क्यांनी, असा काही अनुभव सांगितला. तेव्हा ‘मामा थापा मारतात’ असं घरात कुणी म्हणत असेल तर तो अन्याय करतोय. कृपा करून त्याला थांबवा. ज्याची छाती दाबताना कदाचित बरगड्याही मोडल्या असतील, त्या माणसाला घरच्यांनी खोटारडं ठरवणं क्रूरपणाचं आहे.

त्याच आकड्याची दुसरी बाजू अशी की 282 जणांना काहीच आठवलं नाही. हा आकडा दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे. नुसत्या प्राणवायूच्या कमतरतेने हे घडत असेल तर सगळ्यांनाच घडायला हवं होतं, असं स्वतः लोमेल म्हणतात. आणि प्रत्येक जीव त्या दारातून जात असेल तर पाचांतले चार रिकाम्या हाताने का परततात, असं संशयवादी विचारतात. दोघांचंही म्हणणं रास्त आहे. मेंदूला रक्त किती मिळालं, कुठली औषधं दिली, आठवण साठवणारा भाग किती शाबूत राहिला, हे रुग्णागणिक बदलतं. त्यामुळे आठवण न उरणं म्हणजे अनुभवच न येणं, असंही धरता येत नाही.

‘मेले होते आणि परत आले’ हे वाक्य मात्र घरात कुणी वापरू नये, कारण सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. हृदय थांबलं की 10 ते 20 सेकंदांत शुद्ध हरपते. मेंदूच्या पेशी त्या क्षणी मरत नाहीत. कायमची इजा साधारण चार ते सहा मिनिटांनंतर सुरू होते, तीही रक्त अजिबात फिरत नसेल तर. मिनिटाला 100 ते 120 या गतीने, पाच-सहा सेंटिमीटर खोल छाती दाबली जाते तेव्हा नेहमीच्या पाव-एक भाग तरी रक्त फिरत राहतं. काही रुग्ण छाती दाबली जात असतानाच डोळे उघडतात, हात हलवतात. मेंदूमृत्यू ही वेगळीच अवस्था आहे. आपल्याकडे 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांची समिती किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासून तो जाहीर करते. इंदूरमध्ये अवयव वेळेत पोचावेत म्हणून रस्ते मोकळे करतात, म्हणजे ग्रीन कॉरिडॉर होतात, ते अशाच रुग्णांच्या दानातून. त्या दोन तपासण्या रीतसर झाल्यावर उठून बसलेला आणि वरच्या गोष्टी सांगणारा माणूस मिळत नाही. मामा मृत्यूच्या जवळ गेले, उंबरठा ओलांडला नाही. म्हणून त्यांची साक्ष उंबरठ्याबद्दलची आहे, पलीकडची नव्हे.

उंबरठ्यावर मेंदूत काय चालतं याची थोडीफार माहिती आहे. मेंदूवर संशोधन करणाऱ्या जिमो बोर्जिगिन यांच्या गटाने 2013 साली उंदरांचं हृदय थांबवून पाहिलं. पहिल्या 30 सेकंदांत मेंदूतल्या गॅमा लहरी, म्हणजे वेगवान विद्युतलहरी, शांत होण्याऐवजी उसळल्या. 2023 मध्ये त्यांनीच चार मरणासन्न माणसांच्या नोंदी तपासल्या, त्यांपैकी दोघांत तशीच उसळी दिसली. पण ते दोघे काही सांगायला उरले नाहीत, त्यामुळे त्या लहरींबरोबर त्यांना काही दिसत होतं का हे त्या नोंदींतून निघत नाही. ‘विज्ञानाने स्वर्ग खोटा ठरवला’ म्हणून हा अभ्यास पुढे करणारेही घाई करतात. स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लँके यांच्या गटाने 2002 साली अपस्माराच्या एका रुग्णाच्या मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका ठरावीक जागी सौम्य विद्युतप्रवाह दिला, तर तिला आपण वरून स्वतःकडे पाहतोय असं वाटलं. प्रवाह बंद केला की ते थांबे. शरीराबाहेर पडल्याची जाणीव मेंदू स्वतः घडवू शकतो, एवढं यावरून पक्कं होतं. प्रत्येक वेळी तोच घडवतो, हे होत नाही.

आता मामांच्या कथनातल्या वहीकडे येऊ. सतवंत पसरिचा आणि इयान स्टीव्हन्सन या संशोधकांनी 1986 साली भारतातल्या 16 जणांची अशीच कथनं प्रसिद्ध केली. त्यांत वारंवार हेच येतं: दूत घेऊन जातात, वही असलेला कुणी बसलेला असतो, चूक निघते, ‘दुसऱ्याला आणायचं होतं’ म्हणून परत पाठवतात. पाश्चात्त्य कथनांत वही नसते, चूकही नसते. तिथे प्रकाश असतो, मेलेले नातेवाईक भेटतात, ‘तुझं काम अजून उरलंय’ म्हणून परत पाठवलं जातं. स्वतःचं शरीर वरून पाहिल्याचं तिकडे खूप जण सांगतात, पसरिचांच्या भारतीय कथनांत ते जवळजवळ नाही. चित्रगुप्ताची वही आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. घरात कुणी गेलं की दहा-बारा दिवस गरुडपुराण लावलं जातं, ते लहानपणापासून कानावर पडलेलं असतं. यावरून संशयवादी म्हणतो, मेंदूने ओळखीच्या सामानातून चित्र रचलं. श्रद्धावान म्हणतो, देव ज्याला ज्या रूपात कळेल त्या रूपात भेटतो. दोन्ही वाक्यं याच माहितीत चपखल बसतात, आणि म्हणूनच दृश्य काय होतं यावरून निकाल लागत नाही. मामांच्या नातेवाइकांनी वहीच्या रंगावरून वाद घालण्यात गुरुवार घालवू नयेत.

निकाल लागू शकतो तो फक्त अशा तपशिलावर, जो मामांना कळण्याचा दुसरा मार्ग नव्हता आणि जो आज कागदावर किंवा दुसऱ्या माणसाकडे तपासता येतो. त्यासाठी कागद लागतात. डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. रुग्णालयाकडे लेखी अर्ज देऊन पूर्ण केसपेपरची प्रत मागा. वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यावर डॉक्टरांनी 72 तासांत नोंदी द्यायच्या असतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं त्या जपून ठेवायच्या असतात. त्यातला हृदय थांबल्यावेळचा कागद शोधा. किती वाजता थांबलं, अ‍ॅड्रेनालिन किती वेळा दिलं (ते दर तीन ते पाच मिनिटांनी 1 मिलिग्रॅम देतात, त्यामुळे डोस मोजले तरी वेळेचा अंदाज येतो), शॉक किती दिले, ठोके कधी परतले. मग औषधांचा तक्ता बघा. व्हेंटिलेटरची नळी घालताना केटामाइन हे भुलीचं औषध दिलं होतं का? त्याचा डोस वजनाच्या दर किलोला 1 ते 2 मिलिग्रॅम असतो, आणि शरीरापासून सुटल्याची, बोगद्यातून जाण्याची जाणीव देण्याबद्दल ते प्रसिद्ध आहे. पुढचे तीन दिवस गुंगीसाठी मिडाझोलाम, वेदनेसाठी फेंटानिल चालू होतं का? मिडाझोलाम नव्या आठवणी साठू देत नाही, पण तुटक तुकडे राहून जातात आणि मन नंतर ते जोडतं.

इथे सगळ्यात मोठी चूक होते ती वेळेची. मामा म्हणतात ‘हृदय थांबलं तेव्हा मी तिथे गेलो’. हे ते नंतर लावलेल्या हिशेबावरून म्हणतात, कारण आठवणीवर घड्याळाचा शिक्का नसतो. तोच अनुभव रक्तदाब कोसळताना, म्हणजे हृदय थांबण्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटात, येऊ शकतो. छाती दाबली जात असताना येऊ शकतो. तिसऱ्या दिवशी गुंगीचं औषध कमी करताना येऊ शकतो. अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना भ्रम होणं फार सामान्य आहे, त्यात काळी माणसं, पकडून नेणं, हातपाय बांधणं हे नेहमीचंच. हात तर अनेकदा खरोखर बांधलेले असतात, नळी ओढू नये म्हणून. तरीही सगळंच भ्रमाच्या खात्यात टाकू नका. भ्रमाची आठवण बहुधा विस्कळीत, भीतीची, संशयाने भरलेली असते. मृत्यूच्या जवळचा अनुभव सांगणाऱ्यांची आठवण ओळीने, स्वच्छ, वर्षानुवर्षं टिकणारी असते. मामांचं कथन यांतलं कुठलं, ते नीट ऐकल्याशिवाय कळणार नाही.

नीट ऐकणं म्हणजे कसं, ते सांगतो, कारण बहुतेक घरांत हीच संधी वाया जाते. खोलीत मामा आणि एकच माणूस. व्हिडिओ काढणारा मावसभाऊ नको, मामीही नको. फोनवर आवाज रेकॉर्ड करा, सुरुवातीला तारीख बोला. पहिली वीस मिनिटं ‘मग काय झालं?’ याखेरीज काही विचारू नका. ‘तिथे उजेड होता का?’, ‘आजी दिसली का?’ असं विचारलं की उत्तर तुम्हीच त्यांच्या हातात दिलं. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1995 च्या प्रयोगात घरच्यांच्या आठवणींत मिसळून, लहानपणी बाजारात हरवल्याची एक खोटी हकिगत 24 जणांना दिली गेली, आणि सुमारे पाव जणांना ती थोडीफार तरी ‘आठवली’. आपलेच लोक विचारतात तेव्हा आठवण सर्वांत लवकर वाकते. सगळं सांगून झाल्यावर मग तीन प्रश्न: यातलं स्वतः पाहिलेलं कोणतं, नंतर कुणी सांगितलेलं कोणतं, आणि ‘असंच झालं असणार’ म्हणून जोडलेलं कोणतं? माणसं या प्रश्नाला आश्चर्य वाटेल इतक्या प्रामाणिकपणे उत्तर देतात, एकटी असतील तर. आणि भीतीदायक काही दिसलं का, तेही याच वेळी हळूच विचारा. घाबरवणारे अनुभवही येतात, आणि आपण पापी ठरू या धाकाने लोक ते दाबतात.

महिन्याने पुन्हा ऐका, पहिलं रेकॉर्डिंग त्यांना न ऐकवता. दोन्ही शेजारी ठेवा. काय तसंच राहिलं, काय वाढलं? मानसोपचारतज्ज्ञ ब्रूस ग्रेसन यांनी अशा 72 जणांची कथनं सुमारे 20 वर्षांच्या अंतराने पुन्हा तपासली तेव्हा ती फुगलेली आढळली नाहीत (2007 चा अभ्यास), ही गोष्ट अशा कथनांच्या बाजूची आहे आणि ती सांगायलाच हवी. पण ती माणसं दर गुरुवारी जमलेल्या लोकांना ते सांगत नव्हती. श्रोते मान डोलावतात त्या जागा दर वेळी थोड्या लांबतात, सांगणाऱ्याच्या मनात काळंबेरं नसतानाही. ग्रेसन यांचीच 16 प्रश्नांची एक मोजपट्टी आहे, 1983 ची. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 2 गुण, एकूण 32, आणि 7 किंवा अधिक मिळाले तर तो मृत्यूच्या जवळचा अनुभव धरतात. कुणी ‘मामांना 20 गुण मिळाले, म्हणजे खरं आहे’ म्हणालं तर फसू नका. ती पट्टी अनुभवाची खोली मोजते, परलोकाचा पुरावा मोजत नाही.

त्याच नावाचा दुसरा माणूस त्याच दिवशी गेला, असं आता घरात कुणीतरी सांगेलच. हे तपासता येतं, पण गणित करून. इंदूर शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 20 लाखांच्या आसपास होती. दर हजारी वर्षाला सहा मृत्यू धरले तर वर्षाला 12,000, म्हणजे रोज तीसेक. त्यात देवास, उज्जैन, महू धरा, एक दिवस मागे-पुढे चालेल म्हणा, की आकडा दीडशेच्या आसपास जातो. मामांचं नाव सुरेश किंवा रमेश असेल तर त्यांत एक सुरेश सापडणं हा चमत्कार नाही. पुरावा व्हायचा असेल तर त्या माणसाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, हे मामांनी शोध घेण्यापूर्वी सांगितलेलं असलं पाहिजे. मग मृत्यूनोंदीशी ताडून पाहा. नोंद 21 दिवसांत करायची असते, त्यामुळे ती मिळते. शोधून झाल्यावर ‘हाच तो’ म्हणण्याला काही किंमत नाही.

सॅम पार्निया या डॉक्टरांनी हीच कसोटी मोठ्या प्रमाणावर लावली. रुग्णालयांत छताजवळ फळ्या बसवून त्यांवर फक्त वरूनच दिसतील अशी चित्रं ठेवली. 2014 च्या अहवालात 2,060 हृदयबंदच्या घटना होत्या, त्यांतल्या 140 वाचलेल्यांशी बोलणं झालं, आणि पाहिल्या-ऐकल्याची स्पष्ट आठवण दोघांनाच होती. त्या दोघांची हृदयं जिथे थांबली तिथे फळी नव्हती. एका 57 वर्षांच्या माणसाने शॉक देणाऱ्या यंत्राचा आवाज आणि हजर असलेल्याचं वर्णन बरोबर सांगितलं, हे मात्र नोंदींशी जुळलं. 2023 च्या पुढच्या अभ्यासात 567 घटना, 53 वाचले, 28 जणांशी बोलणं झालं. चित्र कुणीही ओळखलं नाही, कानात वाजवलेले शब्द एकाने ओळखले. म्हणजे शुद्ध गेल्यासारखी दिसतानाही कान काही प्रमाणात जागे असू शकतात. याचा घरासाठी अर्थ साधा आहे: मामांनी डॉक्टर काय बोलले, कोण रडलं, ट्रॉलीचा आवाज कसा आला हे बरोबर सांगितलं, तर ते ऐकलेलं असू शकतं. पण बंद कपाटात काय होतं किंवा दुसऱ्या मजल्यावर काय चाललं होतं हे सांगितलं, शोध घेण्याआधी, रेकॉर्डिंगवर, आणि ते जुळलं, तर ते गंभीरपणे घ्यायला हवं. आजवरचा माझा निष्कर्ष असा की या कसोटीला पूर्णपणे उतरलेलं एकही कथन नाही. उद्या उतरलं तर मत बदलावं लागेल, आणि बदलावं.

श्रद्धेचं काय? ज्यांना वाटतं की शंका घेतली तर धर्म बुडतो, त्यांना नचिकेताची आठवण द्या. तो प्रत्यक्ष यमालाच विचारतो की मेल्यावर माणूस उरतो असं काही म्हणतात, उरत नाही असं काही म्हणतात, खरं काय? आणि यम म्हणतो, देवांनासुद्धा यात पूर्वी शंका होती, दुसरा वर माग. नचिकेत हटत नाही, आणि त्याला कुणी नास्तिक म्हणत नाही. आपल्या वारकरी परंपरेतही स्वर्गाचा फारसा दबदबा नाही. तुकोबा मुक्ती नको, संतसंग दे, आणि हवं तर पुन्हा गर्भवासात घाल, असं मागतात. मामा रोज आरती करत होते ती वहीतल्या 12 वर्षांसाठी नव्हती. त्यांच्या कथनाची तपासणी झाली म्हणून त्या आरतीचं काही कमी होत नाही.

गुरुवारच्या गर्दीबद्दल मात्र मला कडक बोलायचं आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात 2004 साली एका सहा वर्षांच्या मुलाला अपघात झाला, तो स्वर्गात जाऊन आला असं पुस्तक 2010 मध्ये आलं आणि प्रचंड खपलं. जानेवारी 2015 मध्ये त्याच मुलाने उघड पत्र लिहून सांगितलं की तो मेला नव्हता, स्वर्गात गेला नव्हता, लक्ष वेधलं जाईल म्हणून तसं बोलला होता. प्रकाशकाने पुस्तक मागे घेतलं. मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. मोठ्यांनी ऐकलं, छापलं, विकलं, आणि त्याला मागे फिरायला वाट ठेवली नाही. मामांना ती वाट ठेवा. व्हिडिओ आजपासून बंद. तो एकदा पसरला की उद्या मामांना स्वतःला शंका आली तरी बोलता येणार नाही.

येणाऱ्यांत एखादी बाई असेल जिचा मुलगा अलीकडेच गेला. ती विचारेल, ‘तिथे माझा मुलगा दिसला का?’ मामा मवाळ मनाचे असतील तर ‘दिसला, सुखी आहे’ म्हणतील. हे कधीही होऊ देऊ नका. पुढच्या वेळी ती ‘काही निरोप होता का’ विचारेल, मग शेजारीण येईल, मग कुणी पाकीट ठेवेल. मामीने दारातच सांगावं: ‘त्यांना जे दिसलं ते दिसलं, कुणाच्या माणसाबद्दल ते काही सांगू शकत नाहीत.’ पैसे, नारळ, वस्त्र काही घेऊ नये. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मध्य प्रदेशात लागू नाही, पण खोटी आशा दाखवून पैसे घेतले तर फसवणुकीचं कलम, भारतीय न्याय संहितेतलं 318, इथेही लागतं. आणि आजार बरा करण्याचा दावा जाहिरातीसारखा पसरवला तर 1954 चा चमत्कारी उपायांच्या जाहिरातींचा कायदा देशभर आहे.

शेवटी मामांची प्रकृती. हृदय बंद पडून वाचलेल्यांना पुढच्या काही महिन्यांत उदासी, झोप उडणं, चिडचिड, नुकत्याच घडलेल्या गोष्टी विसरणं हे बऱ्याच वेळा होतं. काही जण उलट मृत्यूची भीती गेल्याने फार शांत होतात, आणि मग पथ्य-व्यायामही सोडतात. एकच गोष्ट दिवसातून चार वेळा सांगणं, दुपारचं जेवण विसरणं, रात्री दचकून उठणं, यांतलं काही असेल तर हृदयतज्ज्ञांच्या पुढच्या भेटीत ते सांगा आणि मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे चिठ्ठी मागा. ‘मला परत जायचंय’ हे वाक्य ऐकलं तर पुढच्या भेटीची वाट पाहू नका, त्याच दिवशी जा, आणि तोवर त्यांना एकटं ठेवू नका.